चैत्रातील दवणा

फाल्गुन सरत आला की बालाघाटाच्या माथ्यावर ऊन तापू लागते. धाराशिव जिल्ह्याच्या रानांतील रब्बी ज्वारी तोवर काढून झालेली असते. खळी आवरलेली असतात, कडब्याच्या गंज्या रचलेल्या असतात, आणि नांगरटीपूर्वीची उघडी काळी जमीन भेगाळून पडलेली दिसते. ओढे आटतात. हिरवे असे काही नजरेस पडायचे तर ते कडुनिंबाच्या आणि आंब्याच्या झाडावरच. शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते ती ह्याच दिवसांत, आणि म्हणूनच की काय, ह्या भागातील मोठमोठ्या यात्राही ह्याच दिवसांत भरतात.

कळंब तालुक्यातील येरमाळ्याची येडेश्वरी ही चैत्री पौर्णिमेची देवी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिची पालखी डोंगरावरून खाली आमराईत येते, आणि त्या दिवशी हजारो माणसे शेतातून चुनखडीचे खडे वेचतात. परांडा तालुक्यातील सोनारीच्या भैरवनाथाची यात्राही चैत्रातलीच. परंतु ह्या जिल्ह्यातील आणि एकंदर मराठवाड्यातील कितीतरी घरांचे पाय चैत्रात पश्चिमेकडे वळतात. अडीचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून ही मंडळी कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर जातात. पूर्वी ती बैलगाडीने आणि पायी जात, आज एस. टी. ने, टेंपोने, क्वचित पायीही जातात. परत येताना त्यांच्या कपड्यांवर गुलाल असतो, पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या असतात, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक पांढुरकी-हिरवी जुडी असते. पिशवी उघडण्याच्या आधीच घरातल्यांना तिची वर्दी मिळते. ‘दवणा आणलास ना रे बाबा?’ हा प्रश्न आजीने नुसता विचारायचा म्हणून विचारलेला असतो. उत्तर तिच्या नाकाला केव्हाच मिळालेले असते.

हा दवणा म्हणजे काय?

मोगरा, शेवंती, झेंडू ह्यांची किंमत फुलासाठी होते. दवण्याचे तसे नाही. दवण्याला फूल येते खरे, पण ते इतके लहान व फिकट पिवळे असते की, त्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहात नाही. त्याचे सारे वैभव पानांत आहे. झुडूप गुडघाभर उंचीचे, फार तर हात-दीड हात. पाने बारीक चिरलेली, नाजूक झालरीसारखी, आणि त्यांवर रुपेरी लव. दुरून पाहिले तर वाफ्यावर राख भुरभुरली आहे असे वाटावे. ह्या लवेच्या आश्रयाने पानांवर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत सुगंधी तेल साठलेले असते. पान बोटांत चुरगळले की ग्रंथी फुटतात व वास मोकळा होतो. तो वास गोड आहे, पण नुसता गोड नाही. त्यात किंचित कडसरपणा आहे, पिकल्या फळाची आठवण आहे आणि उन्हात वाळलेल्या गवताचीही. वासाचे वर्णन शब्दांनी करणे हे तसे व्यर्थच. ज्याने दवणा एकदा हुंगला, त्याला वर्णनाची गरज उरत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ दवण्यास ‘आर्टेमिसिया पॅलेन्स’ म्हणतात. सूर्यफूल, शेवंती व झेंडू ज्या कुळातले, त्याच कुळातला हा आहे. त्याची भावंडे जगभर पसरलेली आहेत. त्यांच्यापैकी एका चिनी वनस्पतीपासून हिवतापावरील प्रभावी औषध शोधून काढल्याबद्दल तू यूयू ह्या चिनी विदुषीस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपला दवणा मात्र दक्षिण हिंदुस्थानाचा रहिवासी. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू एवढ्याच मुलखात त्याची शेती होते, आणि जगाच्या बाजारात दवण्याचे जे तेल जाते ते जवळजवळ सगळे भारतातूनच जाते.

संस्कृतात दवण्याचे नाव ‘दमनक’. ‘पंचतंत्र’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. सिंह व बैल ह्यांची मैत्री मोडणाऱ्या धूर्त कोल्ह्याचे नावही दमनकच आहे. त्या कोल्ह्याचा आणि ह्या सुगंधी झुडपाचा नावापलीकडे काही संबंध नाही. झुडपाची जुन्या ग्रंथांतील कथा अगदी निराळी आहे. शंकरांनी तिसरा डोळा उघडून मदनाला जाळले. त्याची पत्नी रती त्या राखेशी बसून रडू लागली. तिच्या आसवांनी भिजलेल्या राखेतून जे रोप उगवले, तो दमनक. दवण्याच्या पानावरील राखेसारखी लव ज्याने पाहिली असेल, त्याला ही कथा कशी सुचली असावी ह्याचे फारसे नवल वाटणार नाही.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. वर्षभरातील व्रते व सण कोणत्या तिथीस कसे करावे, ह्याचा निर्णय त्यात आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला विष्णूला दवणा वाहावा, चतुर्दशीला शंकराला वाहावा, आणि ज्यांना त्या त्या तिथीस जमले नाही त्यांनी पौर्णिमेस वाहावा, असे तो सांगतो. आदल्या दिवशी दवणा आणून त्याची पूजा करावी, रात्रभर देवाजवळ ठेवावा आणि मग दुसऱ्या दिवशी अर्पण करावा, अशी ती रीत आहे. देवाला वाहण्यापूर्वी झाडालाच पूजेचा मान द्यावा, ही कल्पना मोठी गोड आहे.

हा सण केवळ महाराष्ट्राचाही नाही. धाराशिव जिल्ह्याची दक्षिण सीमा ओलांडली की कर्नाटक लागते. तेथे चैत्री पौर्णिमेला नावच मुळी ‘दवनद हुण्णिमे’, म्हणजे दवण्याची पौर्णिमा, असे आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा ह्याच पौर्णिमेस भरते आणि तिला मराठी मुलखातूनही माणसे जातात. आणखी दूर, ओरिसातील जगन्नाथपुरीस ह्याच पंधरवड्यात एक गमतीचा विधी होतो. जगन्नाथाच्या वतीने त्याच्या लहान उत्सवमूर्ती रात्री जगन्नाथवल्लभ मठाच्या बागेत नेल्या जातात आणि तेथे दवणा चोरला जातो! त्या विधीला ‘दयणा चोरी’ असेच म्हणतात. गोकुळात लोणी चोरणाऱ्या देवाने पुरीत दवणा चोरावा हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

परंतु दवण्याचा खरा थाट पाहायचा तर तो जोतिबाच्या डोंगरावर. पन्हाळा तालुक्यातील ह्या डोंगराचे नाव वाडी रत्नागिरी. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरांवर तो एकटाच उभा आहे. डोंगरमाथ्यावरील काळ्या दगडाचे आजचे देऊळ राणोजी शिंदे ह्यांनी १७३० साली बांधविले, असे सांगतात. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे कुलदैवत. मराठ्यांच्या फौजा उत्तरेत गेल्या तेव्हा जोतिबाचे नाव त्यांच्याबरोबर चंबळेपलीकडे गेले.

चैत्री पौर्णिमेला ह्या डोंगरावर लाखो माणसे येतात. गावोगावच्या सासनकाठ्या येतात. सासनकाठी म्हणजे उंचच उंच वेळूची काठी. तिला रंगीत वस्त्रे गुंडाळलेली, टोकाशी फरारा, आणि तोल सांभाळण्यासाठी चहूकडून ताणलेले दोर. एक जण ती काठी पेलतो, बाकीचे दोर धरतात, आणि वाद्यांच्या तालावर ती काठी नाचू लागते. दुपारी मिरवणूक निघाली की ‘चांगभलं’ चा घोष उठतो. गुलालाची मूठ उधळली जाते, खोबऱ्याचे तुकडे उधळले जातात आणि त्यांबरोबर दवणाही उधळला जातो. देवळाची शिखरे, पायऱ्या, माणसांचे चेहरे, सगळे गुलाबी होऊन जाते. सायंकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघते. एवढ्या गर्दीत, एवढ्या उन्हात आणि धुळीत पायांखाली तुडविला गेलेला दवणा आपला वास सोडीत राहतो. आंधळ्या माणसालाही आपण जोतिबाच्या यात्रेत आहोत हे तेथे सांगावे लागत नाही.

यात्रेकरूला हा दवणा पायरीवरच्या दुकानात मिळतो. थोडी नाणी द्यावी, जुडी घ्यावी आणि पुढे जावे. पण ती जुडी तेथवर येण्याआधी तिच्यामागे चार महिन्यांची राखण झालेली असते.

दवण्याचे बी अतिशय बारीक असते. तळहातावर चिमूटभर घेतले आणि जवळ कोणी शिंकले, तर सगळे उडून जावे. असे बी नुसते फेकून पेरले तर एका जागी दाट पडते आणि दुसरीकडे पडतच नाही. म्हणून ते बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर विस्कटतात. पेरण्यापूर्वी दोन दिवस ते ओल्या फडक्यात बांधून ठेवतात, म्हणजे कोंभ लवकर फुटतो. मातीत खोल गाडले तर ते उगवतच नाही, उघडे ठेवले तर मुंग्या ओढून नेतात. पाणी पाटाने सोडले तर बी वाहून जाते, म्हणून झारीने हळुवार शिंपावे लागते. पहिले पंधरा दिवस वाफा सुकू द्यायचा नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. महिन्या-दीड महिन्यात रोपे बोटभर झाली की ती काळजीने उपटून शेतातील वाफ्यांत लावतात. पुढे खुरपणी आणि बेताबेताने पाणी. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी हे हवामान त्याला मानवते. कडाक्याचे धुके किंवा दहिवर त्याला सोसत नाही आणि पाऊस तर मुळीच सोसत नाही. कापणीच्या वेळी पाऊस झाला की पाने काळवंडतात आणि वासाचे बळ कमी होते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना अवकाळी पाऊस म्हणजे काय हे सांगणे नको. तिने ज्वारी, गहू, द्राक्षे ह्यांची जी गत केली ती दवण्यासारख्या नाजूक पिकाची करायला तिला क्षणही लागत नाही.

हे सगळे झाले तरी ज्या कोड्यापुढे दवणा लावणारा शेतकरी दरवर्षी उभा राहतो, ते निराळेच आहे. ते कोडे पंचांगाचे आहे.

ज्वारी आठवडाभर उशिरा निघाली तर फार बिघडत नाही. बाजार आठवड्याने दर शनिवारी किंवा रविवारी भरतोच. दवण्याचा बाजार मात्र वर्षातून एकदाच, चैत्री पौर्णिमेच्या मागे-पुढे चार दिवस असतो. दवणा त्या आधी तयार झाला तर वाफ्यात निबर होतो, नंतर तयार झाला तर घेणारा कोणी नसतो. म्हणून शेतकरी पेरणीचा दिवस उलटा मोजून ठरवतो. पौर्णिमा अमक्या दिवशी, तिच्या आधी चार महिने म्हणजे अमका दिवस, त्या दिवशी बी वाफ्यावर पडले पाहिजे.

हे गणित सोपे वाटते, पण पौर्णिमा एका जागी थांबत नाही. इंग्रजी वर्ष सूर्याचे, ३६५ दिवसांचे. आपल्या सणांचे बारा महिने चंद्राचे. ते सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात. त्यामुळे चैत्री पौर्णिमा इंग्रजी तारखांच्या मानाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. अशीच सरकत राहिली असती तर काही वर्षांनी चैत्र ऐन पावसाळ्यात आला असता. तसे होऊ नये म्हणून साधारणतः अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात, आणि मग पौर्णिमा एकदम पुढे उडी घेते. २०२२ साली ती १६ एप्रिलला होती. २०२३ साली ६ एप्रिलला आली. त्याच वर्षी श्रावण अधिक आला, म्हणून २०२४ साली ती २३ एप्रिलला गेली. २०२५ साली पुन्हा मागे येऊन १२ एप्रिलला झाली. म्हणजे ज्या शेतकऱ्याने २०२२ च्या यात्रेनंतर नुसत्या अंदाजाने ‘गेल्या वर्षीसारखेच’ म्हणून पेरले असेल, त्याचा दवणा दहा दिवस उशिरा तयार झाला. आणि ज्याने २०२३ नंतर तसे केले असेल, त्याचा सतरा दिवस लवकर. दवण्याच्या शेतकऱ्याला पंचांग पाहता आले नाही तर त्याचे शेत त्याला माफ करीत नाही. वनस्पती मात्र सूर्याच्या हिशेबाने वाढते. तिला थंडी केव्हा सरते ते कळते, अधिक महिना कळत नाही. एप्रिलच्या अखेरीस यात्रा येते त्या वर्षी उन्हाचा तडाखा वाढलेला असतो आणि झाडे अकाली फुलून निबर होऊ पाहतात, तेव्हा जास्त पाणी देऊन त्यांना कोवळे राखावे लागते. सूर्याच्या आणि चंद्राच्या घड्याळांचा मेळ घालणे हे ज्योतिष्यांचे काम असे आपण म्हणतो. जोतिबाच्या पायथ्याशी ते एक कुणबी आपल्या दोन गुंठ्यांत करीत असतो.

दुसरे कोडे बियांचे. दवण्याचे बी फार काळ टिकत नाही. ज्वारीचे बी एखादे वर्ष कणगीत पडून राहिले तरी उगवते. दवण्याचे बी गेल्या हंगामातलेच हवे, त्याहून जुने बहुधा वाया जाते. म्हणून बी दरवर्षी नवे धरावे लागते. आता बी केव्हा धरते? झाड कापले नाही, पुरते फुलू दिले आणि वाळू दिले तर. म्हणजे ज्या चार दिवसांत दवण्याच्या प्रत्येक जुडीला गिऱ्हाईक असते, नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्याने आपल्या वाफ्यातील सर्वांत जोमदार ओळ हात न लावता उभी ठेवली पाहिजे. उरलेली किडकी-खुरटी झाडे बियांसाठी ठेवून चालत नाही. तसे केले तर पुढच्या वर्षी पीकही खुरटेच येते. यात्रेच्या आदल्या दिवशी व्यापारी बांधावर येऊन उभा राहिलेला, घरात पैशाची निकड, आणि समोर ती उभी ओळ. तिच्यावर विळा न चालविणे हे वाटते तितके सोपे नसते.

२०२० साली तर ह्या बियांची कसोटीच लागली. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा ८ एप्रिलला होती. दवणा डिसेंबरात नेहमीप्रमाणे पेरलेला होता. मार्चच्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे देशभर सर्व व्यवहार बंद झाले. जोतिबाची यात्रा भरली नाही. डोंगराकडे जाणारे रस्ते बंद होते आणि देवाचे विधी मोजक्या पुजाऱ्यांनी उरकले. येरमाळ्याचे आणि सोनारीचे रस्तेही तसेच ओस पडले. यात्रेसाठी म्हणूनच लावलेल्या पिकाला गिऱ्हाईक उरले नाही. २०२१ साली यात्रेच्या वेळी साथीची दुसरी लाट आली आणि पुन्हा तेच झाले. धान्य असते तर घरात भरून ठेवता आले असते, ऊस असता तर कारखान्याला गेला असता. दवण्याचे काय करायचे? लागोपाठ दोन वर्षे न विकलेल्या पिकासाठी तिसऱ्या वर्षी पुन्हा बी पेरायचे, की ती जागा भाजीपाल्याला द्यायची? आणि सगळ्यांनीच भाजी लावायचे ठरविले असते तर? वर्षा-दोन वर्षांत बी संपले असते. २०२२ साली १६ एप्रिलला यात्रा पुन्हा पूर्वीसारखी भरली तेव्हा देवाला दवणा वाहिला गेला. त्या दवण्याचे बी कोणीतरी त्या दोन ओसाड वर्षांत राखले होते म्हणूनच.

यात्रेवाचून दवण्याला दुसरा आधार नाही काय? आहे. कर्नाटकात व तमिळनाडूत बराच दवणा तेलासाठी लावतात. झाडे फुलावर आली की कापतात, सावलीत थोडी सुकवितात आणि बंद भांड्यात घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल वर येते. नळीतून थंड झाले की ते पाण्यावर तरंगते व निराळे काढता येते. १०० किलो हिरव्या झाडांतून तेल निघते ते जेमतेम पावशेराच्या आतबाहेर. म्हणूनच ते महाग असते. जपान, अमेरिका व युरोपात ते अत्तरांसाठी आणि खाद्यपदार्थांना स्वाद आणण्यासाठी नेतात. ह्या तेलाविषयी अत्तरवाले एक चमत्कारिक गोष्ट सांगतात. तेच तेल दोन माणसांच्या मनगटांवर लावले तर थोड्या वेळाने दोन निरनिराळे वास येतात. परंतु तेलाच्या शेतीला भट्टी लागते, मोठे क्षेत्र लागते, ठरलेला व्यापारी लागतो. दोन गुंठ्यांच्या शेतकऱ्याला हे परवडत नाही.

सुगंधी पिकाचा उत्सव म्हटला की आजकाल पुष्कळांना लव्हेंडर आठवते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात उन्हाळ्यात जांभळ्या लव्हेंडरची शेते फुलतात आणि त्यांच्या जत्रा भरतात. आपल्याकडेही जम्मू प्रदेशातील भद्रवाहच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांच्या प्रोत्साहनाने शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लव्हेंडर लावले, आणि २०२२ साली तेथे पहिला लव्हेंडर-उत्सव झाला. लव्हेंडरला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. धाराशिवच्या उन्हात ते तग धरणार नाही. पण फरक नुसता हवेचा नाही. भद्रवाहला आधी पीक आले, ते चांगले आले, म्हणून मग उत्सव सुरू झाला. जोतिबाच्या डोंगराखाली गोष्ट उलटी आहे. उत्सव शेकडो वर्षे चालत आला आहे आणि त्याने आपल्यासाठी एक पीक जिवंत ठेवले आहे. कोणत्याही सरकारी खात्याने दवणा लावा असे त्या गावांना सांगितले नव्हते.

यात्रा संपते. धाराशिवची मंडळी घरी परततात. जुडीतील काही काड्या देवघरात जातात, काही शेजाऱ्यांच्या घरी. दवणा वाळला तरी त्याचा वास जात नाही, उलट काही दिवस तो अधिकच गडद होतो. म्हणून वाळलेल्या काड्या ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्यांच्या घडीत ठेवण्याची रीत आहे. दिवाळीला ट्रंक उघडली म्हणजे चैत्राची आठवण होते.

इकडे पन्हाळ्याच्या पायथ्याशी ती न कापलेली ओळ आता पुरती वाळलेली असते. वैशाखात सकाळच्या वेळी, वारा पडलेला असताना, शेतकरी ती झाडे हलक्या हाताने उपटतो, कापडावर झटकतो आणि खाली पडलेला भुसा पाखडून चिमूटभर बी निराळे करतो. ते फडक्यात बांधून, मडक्यात घालून, ओल लागणार नाही अशा जागी टांगून ठेवतो. मग भिंतीवरचे पंचांग काढून, पुढच्या वर्षाच्या आधी अधिक महिना आहे की नाही ते पाहतो.